शिंदीचं बन उभं आहे, मामा

मामा, माघात तू आमच्या लढ्याच्या कॅम्पावर आलास तेव्हा निघता निघता विचारलंस, "किसना, भ्या वाटतं का रे?" मी न्हाई म्हणालो. ते खोटं होतं, आणि तुला ते कळलंही होतं. माझ्या टोपीवरची धूळ झटकलीस आणि वाटेला लागलास.

आता विचारायला तू नाहीस, म्हणून आपणहून सांगतो. मला भीती वाटते. तेव्हाही वाटत होती, आता जास्त वाटते. उद्या दिवस कलला की मला वऱ्हाडाची हद्द ओलांडून निजामाच्या मुलखात, आपल्या धावड्याच्या ओढ्यावर जायचंय. शिंदीच्या बनात. ज्या बनावरून तुझं-माझं भांडण झालं आणि अर्ध्यावर राहिलं, त्याच बनात.

तू गेल्याचं मला सखाराम धनगरानं सांगितलं. नाक्यावरचे शिपाई मेंढरांमागच्या माणसाकडं बघत नाहीत, म्हणून गावचे निरोप त्याच्याच तोंडी येतात. आला, पाणी मागितलं, प्यायला, तंबाखू मळली आणि मळता मळता म्हणाला, "मास्तर गेले." मी विचारलं कोण मास्तर. मूर्खासारखं. त्याच्या तोंडी मास्तर एकच. मग त्यानं आईचा निरोप सांगितला: येऊ नको, चावडीत खाकीवाले बसून राह्यले, तुझं नाव घिऊन इचारून राह्यले. तुझ्या छातीत कफ भरला होता म्हणे. कॅम्पावरून परत जाताना तुला पावसानं गाठलं होतं, अंगावरचे ओले कपडे तसेच ठेवून तू चालत गेलास, आणि घरी जाऊन आईला काय म्हणालास, तर चहा कर.

मी आलो नाही. ज्यानं पत्रकांत मोठ्या टायपात लिहिलं की मरणाला भिऊ नका, तो आपल्या सख्ख्या मामाला आग द्यायच्या वेळी वऱ्हाडात एका गोठ्यात बसून होता.

इथं तुझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले सगळे. ठराव झाला. कॅम्पाचे प्रमुख अण्णासाहेब वकील आहेत, त्यांना ठराव झाल्याशिवाय दुःख होत नाही. ठरावात तुला देशभक्त शिक्षक म्हटलंय. तू असतास तर विचारलं असतंस, "ह्यातलं मला कुनी ओळखत व्हतं का?" मला राग आला. मेल्यावर माणसाला एका शब्दात खिळवून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या पत्रकांना तू नेमकं हेच म्हणायचास. तुझं पत्रक म्हंजे खिळ्यांची पेटी हाये, किसना. एकेक शब्द ठोकून बसवलेला. आत काईच हलत न्हाई.

तुला खिळवता येत नव्हतं. जालन्याच्या शाळेत तू शास्त्र शिकवायचास, हैदराबादेत शिकलास तसं, उर्दूतून, आणि मागच्या बाकावरच्या पोरांसाठी तेच पुन्हा मराठीत. माद्दा म्हणजे पदार्थ, बर्क म्हणजे वीज. फळ्यावर व्याख्या लिहायचास, पोरं उतरवून घ्यायची, आणि घंटा व्हायच्या आत सांगायचास की परीक्षेत हेच लिहा, बराबर मार्क पडतील, पण घरी जाताना विसरा, कारण जगात असा माद्दा कुठं पडलेला नाही. जगात वस्तू नाहीत, घडणं आहे. हेडमास्तरांनी तुला दोनदा बोलावून ताकीद दिली. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा त्यांनाच समजावत बसलास. तेव्हापासून बोलावणं बंद झालं.

मला तू हे पहिल्यांदा दाखवलंस ते आपल्याच ओढ्यात. सुट्टीत घरी आला होतास. उताराजवळ तो मोठा धोंडा आहे ना, त्याच्या पाठीशी पाण्याला एक भोवरा पडतो. मी लहान असल्यापासून तो तिथंच आहे. तू म्हणालास, "हा भवरा उचल आन् घरी ने. आक्काला, तुझ्या मायला म्हण, मामानं दिलाय." मी ओंजळ घातली, पाणी आलं, भोवरा तिथंच. पुन्हा घातली. तू काठावर बसून हसत होतास. मग म्हणालास, ज्यातून पाणी जाऊन राह्यलं आणि तरी ज्याचा आकार ऱ्हातो, त्याला वस्तू म्हनावं का? मी म्हटलं, नाही. तू माझ्या पोटाला बोट लावलंस. ह्याच्यातून काय जातं? मी म्हटलं, भाकरी. पाणी. आणि आक्काच्या शिव्या, तू म्हणालास. ते सगळं जाता जाता मधात जो भवरा पडतो, त्याला लोक किसना म्हनतात.

त्या रात्री मला झोप आली नव्हती, हे तुला कधी सांगितलं नाही. आपण धोंडा आहोत असं वाटलं की बरं असतं. भोवरा आहोत म्हटलं की पाणी आटलं तर काय, हा विचार येतो.

तुझं सगळं बोलणं असंच होतं, मामा. आधी हसू यायचं आणि मग झोप उडायची.

एकदा जालन्याला जिनिंगचं इंजिन दाखवायला नेलंस. सरकी निघत होती, पट्टा फिरत होता, तू लहान पोरासारखा खूष. तुला यंत्रांचा राग नव्हता. इथं कॅम्पावर काही जणांना तसं वाटायचं, मी त्यांना सांगून थकलो. तू म्हणायचास, इंजिन म्हंजे लोखंड न्हाई. कोळसा, पाणी, ह्या मानसांचे हात, आन् कुठल्या कुठं पडलेला पाऊस, हे सगळं इथं येऊन फिरून राह्यलंय. मी विचारलं, मग धुराचं काय? तू मान वर करून धुराड्याकडं बघत राहिलास. "धूर जातो म्हनतो आपुन. कुठं जातो? दुसरी जागाच न्हाई."

ते मी विसरलो होतो. परवा आठवलं आणि उठून बसलो.

आणि जपानवर बॉम्ब पडल्याची बातमी आली तो दिवस. वर्गात पोरं खूष होती, लढाई संपली, आता रॉकेल मिळेल. मीही तुला भेटायला आलो होतो, मीही खूष. तू प्रयोगाचं कपाट बंद करत होतास. काचेची हंडी, लोहचुंबक, तराजू, एकेक पुसून आत ठेवत होतास, जणू कुणाच्या घरून मागून आणलेलं परत करायचंय. मला म्हणालास, किती पिढ्या आम्ही पोरांना शिकवलं की माद्दा मेलेला असतो. मेलेल्याचं काईबी करा, कुनी इचारत न्हाई. खोदा, जाळा, फोडा. नवं शास्त्र कवाचं सांगून राह्यलंय की अणूच्या पोटात गोळीबिळी काई न्हाई, नुसती हरकत हाये, म्हंजे हालचाल, चालू असलेली. पुस्तकात छापलं. पण वागलो मेल्यासारखंच समजून.

मी म्हटलं, मग शास्त्रच बंद करावं का? त्यावर तू चिडलास. तुला चिडलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलंय. शास्त्र खोटं न्हाई रे, म्हणालास, शास्त्राला जे दिसलं त्यावर शास्त्रवाल्यांचाच इस्वास बसला न्हाई. ते घाबरले. जग जितं हाये म्हणलं की मंग जपून वागावं लागतं ना.

हे मी इथं का लिहितो? कारण ठरावात हे नाही. आणि कारण ह्याच गोष्टीवरून आपलं भांडण झालं.

एक गोष्ट मात्र मी तुझ्याकडून उचलली आणि पत्रकात घातली, तुझं नाव न घेता. सरकार सरकार काय करता, तू म्हणाला होतास, सरकार हैदराबादेत कुठल्या महालात ठेवलेलं नसतं. पोलीस पटेल सकाळी उठून सलाम करतो ते सरकार. नाक्यावरचा कारकून शिक्का मारतो ते सरकार. तू भितोस ते सरकार. रोज सकाळी पुन्हा करावं लागतं ते, तवा कुठं टिकतं. करनं थांबवा, थांबंल. ते पत्रक सगळ्यात जास्त खपलं. भोकरदनच्या बाजारात लोकांनी वाचून दुसऱ्याला दिलं. तू वाचलंस आणि फक्त म्हणालास, बरं झालंय, पण शेवटचं घातलं न्हाईस. मी विचारलं, कोणतं शेवटचं? म्हणालास, आपलं राज्य आलं की तेबी तसंच. तेबी रोज करावं लागंल. एक दिवस मिळालं आन् फडताळात ठिवलं, असं न्हाई व्हनार.

ते मी अजून घातलेलं नाही. लढणाऱ्याला असं सांगतात का? लढणाऱ्याला वाटायला हवं की हे एकदा झालं की झालं.

मार्गशीर्षात हसनाबादच्या अंगाला एका ओढ्यावरचं शिंदीचं बन आम्ही तोडलं. कॅम्पाचा कार्यक्रमच होता तो. शिंदीला मडकं टांगलं जातं, मडक्यात रस उतरतो, त्या रसाच्या दारूवर ठेका घेतलेला गुत्तेदार जगतो आणि गुत्तेदाराकडून आबकारीचा पैसा निजामाच्या खजिन्यात जातो. झाड पाडलं की खजिन्याची एक नळी तुटली. सरळ हिशेब. पहाटे गेलो, सूर्य वर यायच्या आत बन आडवं. मी स्वतः कुऱ्हाड चालवली. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता, आणि मी त्याबद्दल माफी मागणार नाही. खजिना त्यांचा, बंदुका त्यांच्या, कायदा त्यांचा. आमच्याकडं कुऱ्हाडी होत्या.

मग माघात अवकाळी पाऊस आला, गारांसकट. ओढा असा आला की त्या अंगाच्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. पाणी दरवेळी बनात शिरून रेंगाळायचं, गाळ टाकायचं, दमानं पुढं जायचं. ह्यावेळी बन नव्हतं. काठ धरायला मुळ्या होत्या, पण बुडखे सडायला लागलेले. काठ कोसळला, पलीकडच्या मळ्यांची माती गेली, एक विहीर गाळानं भरली. ती विहीर कुण्या गुत्तेदाराची नव्हती. आपल्याच माणसांची होती, आम्हाला भाकरी बांधून देणाऱ्यांची.

तू तिथं जाऊन बघून आलास आणि तसाच चालत कॅम्पावर आलास. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला. अण्णासाहेबांना वाटलं कुणी फिर्याद घेऊन आलंय.

तेव्हा कॅम्पात पुढचं बन ठरलेलं होतं. धावड्याचं. आपलं.

तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर मला सोपं गेलं असतं. गोठ्याच्या दारात उकिडवा बसलास आणि विचारलंस, "खजिन्यात काय जातं, किसना? झाड जातं का?"

मी म्हटलं, मामा, शाळा नको घेऊ. तू म्हणालास, शाळा न्हाई, इचारून राह्यलो. मी म्हटलं, लढाईत झाडं पडतात. तू म्हणालास, तू त्याला झाड म्हनतोस, आबकारीवाला त्याला महसूल म्हनतो, दोघंबी त्याला एका जागी उभं केलेलं समजता. बन म्हंजे ओढ्याचं दमानं चालनं हाये. ते तोडलं की ओढा पळतो. खाली आपल्या विहिरी हायेत. तुझ्या मायची हाये. मी म्हटलं, माझ्या आईची विहीर वाचवायला मी राज्याची लढाई थांबवू? आता वाटतं, तू कुठं थांबव म्हणाला होतास. पण मला तेच ऐकू आलं.

अण्णासाहेब मधे पडले. मास्तर, स्वातंत्र्यानंतर झाडं लावता येतील. तू हसलास. नंतर असं काई नसतं साहेब, म्हणालास. आज जे केलं ते संपत न्हाई, ते उद्याच्या पोटात शिरतं. उद्या त्याच्यावरच उभा ऱ्हातो. अण्णासाहेबांना वाटलं तू गीता सांगतोयस. त्यांनी हात जोडले.

मग तू मला वाटेपर्यंत चल म्हणालास. वाटेत एक गोष्ट विचारलीस. झाडं पाडल्यावर दुसऱ्या दिवशी काय करनार? मी म्हटलं, दुसऱ्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी. आणि तेव्हा तू भ्या वाटतं का विचारलंस.

हे आपलं शेवटचं बोलणं. असं अर्धं ठेवून कुणी जातं का? मला तुझ्यावर फार राग आहे, मामा. एखादं मोठं वाक्य तरी टाकून जायचंस. टोपीवरची धूळ झटकून गेलास.

सखारामानं जाता जाता आणखी एक सांगितलं. आईनं तुझी रक्षा सावडली, पण पूर्णेपर्यंत न्यायची सोय नव्हती, वाटेवर गस्त. म्हणून तिनं ती आपल्याच ओढ्यात सोडली, बनाच्या वरच्या अंगाला. तिनं तसं मुद्दाम केलं असंल का, मी सखारामाला विचारलं. तो म्हणाला, "तुझी माय मुद्दाम केल्याबिगर काई करती का?"

म्हणजे तू आता त्या गाळात आहेस. मुळ्यांनी धरून ठेवलेला. हे मी कॅम्पाच्या बैठकीत मांडलं नाही. भावनेचा मुद्दा म्हणून उडवला असता, आणि तूही म्हणाला असतास, राखंचं काय घिऊन बसलास, जिता व्हतो तवा आइकलं न्हाईस. पण तुझा प्रश्न मी मांडला. खजिन्यात काय जातं?

कारण मला त्याचं उत्तर सापडलंय. तू गेल्यावर, ह्या गोठ्यात, एकट्याला. उशीर केला म्हण हवं तर. खजिन्यात झाड जात नाही. झाड वर्षानुवर्षं नुसतं उभं राहिलं तर निजामाला दमडी मिळत नाही. खजिन्यात जातं ते टांगणं. संध्याकाळी कलाल झाडावर चढतो, खाच ताजी करतो, मडकं टांगतो, पहाटे उतरवतो. रोज. ते करणं म्हणजे आबकारी. मग ते करणं मोडायचं. झाडाला हात लावायचा नाही. मडकी फोडायची. नवी टांगली की पुन्हा फोडायची. गुत्तेदार थकेपर्यंत, कलाल चढायला नकार देईपर्यंत.

बैठकीत एकानं विचारलं, मडकी काय महाग असतात का, कुंभार दुसरी देईल. मी म्हटलं, मग दुसरी फोडू. अण्णासाहेब म्हणाले, "झाडं एका पहाटेत पडतात. मडकी फोडायला पुन्हा पुन्हा कोण जाणार?"

इथंच सगळं होतं, मामा. ह्याच जागी. झाड तोडायला एकदाच जिवावर उदार व्हावं लागतं. एकदा जायचं, पाडायचं, परत यायचं, आयुष्यभर सांगायचं. मडक्यांचं तसं नाही. पहिल्यांदा फोडली की त्यांना कळणार. दुसऱ्यांदा गस्त असणार. तिसऱ्यांदा कोण कुठून येतो ते माहीत असणार. आणि तरी जायचं. त्यात 'झालं, संपलं' असं कधीच म्हणता येत नाही. तुझं सगळं तत्त्वज्ञान त्या एका प्रश्नात येऊन माझ्या छातीवर बसलं, आणि मला कळलं की मी कुऱ्हाडीवर इतका खूष का होतो. कुऱ्हाडीनं गोष्ट संपते असं वाटतं.

मी म्हटलं, मी जातो.

दोघे-तिघे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, मामाचं भूत बसलंय मानगुटीवर. मी म्हटलं, बसू द्या, त्याला वाट ठावी हाये. मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात काम झालं. अण्णासाहेबांनी धावड्याचं तोडणं थांबवलं. चैत्र लागेपर्यंत म्हणाले. तोवर आबकारी थांबली नाही तर कुऱ्हाडी. म्हणजे बन माझ्या जाण्या-येण्यावर उभं आहे. मी भ्यालो आणि एकदा चुकवलं, तर ते आडवं. मी सापडलो, तरीही आडवं.

आता समजलं का तुला, मला कशाची भीती वाटते? खाकीवाल्यांची वाटतेच. परवा तिकडून एक जण आला, त्याच्या पाठीवरचे वळ पाहिलेत मी. पण ती भीती सोपी आहे, ती तोंडाला कोरड आणते आणि जाते. दुसरी जात नाही. आपण केलेलं काहीच संपत नाही, ही भीती. हसनाबादच्या अंगाची माती अजून वाहतेय. जपानात जे पडलं ते पडून गेलेलं नाही, तू म्हणायचास, ते हवेत, पाण्यात, पोटातल्या पोरांत चालूच असणार. तेव्हा मला वाटलं मामा उगाच भितो. आणि उद्या आपलं राज्य येईल, आपले इंजिनेर येतील, आपलीच माणसं नकाशावर बोट ठेवून म्हणतील हे जंगल एवढ्याचं, हा ओढा तेवढ्याचा. आपल्याच बोलीत म्हणतील. तेव्हा पत्रक कुणाविरुद्ध काढायचं?

तुला विचारलं असतं. तू म्हणाला असतास, मलाबी ठावं न्हाई.

हे तू एकदा खरंच म्हणाला होतास. टेंभुर्णीच्या बाजारातून परत येत होतो, ज्येष्ठातल्या वादळात सापडलो. मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये, एका पाण्यात उतरू नये, एका विजेखाली थांबू नये, असं आईनं दोघांकडून वदवून घेतलेलं. मी बाभळीकडं पळालो. तू मागून माझी बंडी धरलीस. "शास्त्र म्हनतं झाडाखाली थांबू नको. आक्का म्हनती माझ्याजवळ थांबू नको. दोघांचंबी ठेवू." आणि मोकळ्या वावरात बांधाच्या एका अंगाला मला उकिडवं बसवलंस, दुसऱ्या अंगाला लांब जाऊन तू बसलास. वीज कडाडत होती आणि आपण बांधावरून ओरडून बोलत होतो. मी विचारलं, मामा, पडायच्या आधी वीज कुठं असती? तू ओरडलास, कुठंच न्हाई. पडनं म्हंजेच ती. वर कुनी हातात घिऊन बसलेलं न्हाई.

"मंग भ्यायचं कुणाला?"

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं तू गेलास. मग तुझा आवाज आला, मलाबी ठावं न्हाई, पन बोलत ऱ्हा. बोलत ऱ्हा म्हंजे मला कळंल.

मी बोलत राहिलो. काहीही. पाढे म्हटले, शाळेतली कविता म्हटली, हेडमास्तरांची नक्कल केली, तिला तू पलीकडून हसलास. भीती गेली नाही. पण ती चालू असताना आपणही चालू होतो. मी आता मोठमोठी पत्रकं लिहितो, मामा, पण ह्याच्यापेक्षा मोठं काही मला कुणी शिकवलेलं नाही.

हे सगळं लिहिणं तेच आहे. बांधावरून बोलणं. पलीकडून आवाज येत नाही, तरी बोलतोय.

उद्या दिवस मावळताना मी वरच्या अंगानं येईन, कलाल मडकी टांगून उतरला की. ओढा ओलांडावा लागेल, त्या धोंड्याजवळ, तिथं पाणी उथळ आहे. भोवरा असेलच. चपला हातात घेऊन मी पाण्यात उतरेन, आणि त्या पाण्यात तू आहेस.

आईला सांगू नको.